मोझॅकवर फवारणी कशाला?

मा. संपादक,

थंडी पडू लागली की बागकामाच्या सदरांतून एक सल्ला हटकून येतो. पानांवर पिवळे-हिरवे चट्टे दिसले, शेंडा आखडला, की मावा (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) मारा. शेवंती असो, ग्लॅडिओलस, डेलिया, कर्दळ नाहीतर सदाफुली, औषध तेच. अशा चट्ट्यांच्या रोगाला मोझॅक म्हणतात. त्यामागे पुष्कळदा कुकुंबर मोझॅक व्हायरस, म्हणजे सीएमव्ही असतो आणि त्याच्यापुढे ही फवारणी बहुतेक वाया जाते. जळगावकडचे केळीवाले ज्याला ‘हरण्या’ म्हणतात, तो हाच विषाणू. 1916 मध्ये अमेरिकेत काकडीवर त्याचे वर्णन झाले म्हणून नावात काकडी राहिली, एवढेच. प्रत्यक्षात तो हजाराहून अधिक जातींच्या वनस्पतींवर जगतो.

फवारणी का फसते, ते माव्याच्या सवयीत आहे. पंखवाला मावा पानावर उतरतो, तेव्हा हे झाड आपल्या कामाचे आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसते. तो सोंड वरच्या पेशीत टोचून चव घेतो. हे काम काही सेकंदांचे, फार तर मिनिटभराचे. तेवढ्यात विषाणू सोंडेच्या टोकाला चिकटतो आणि पुढच्या झाडाची चव घेताना तिथे उतरतो. तो माव्याच्या शरीरात वाढत नाही. काही तासांत सोंड पुन्हा कोरी होते. सुमारे 80 जातींचे मावे हे करू शकतात आणि त्यांतले कितीतरी त्या झाडावर वस्तीला राहतही नाहीत. म्हणून एकही मावा न दिसणाऱ्या सदाफुलीला मोझॅक होतो आणि घरमालक चक्रावतो. कीटकनाशकाने मावा मरतो हे खरे, पण मरण्याआधी त्याची चव घेऊन झालेली असते. काही पायरेथ्रॉइड औषधांनी तर तो बिथरून जास्तच झाडे टोचत फिरतो.

आधी रोग ओळखावा. पान सकाळच्या उजेडासमोर धरा. लोहाची कमतरता असेल तर कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग सारखा पिवळा दिसतो, दोन्ही अर्ध्या भागांत एकसारखा. मोझॅकला अशी शिस्त नसते. चट्टा शिरेला ओलांडून जातो, पानाची एक बाजू एक तऱ्हेची तर दुसरी वेगळी, आणि कधी पान दोरीसारखे अरुंद होते. शेजारच्या शेतातून 2,4-डी तणनाशक उडून आले तरी पाने अशीच बारीक होतात. मात्र तेव्हा त्या बाजूची नाना जातींची झाडे एकदमच बिघडतात. खात्री हवी असेल तर प्रयोगशाळेत एलायझा ही विषाणू ओळखणारी चाचणी करून घ्यावी.

फुलांचे थोडे वेगळे. रंगीत ग्लॅडिओलसच्या पाकळीत विषाणूमुळे रंगद्रव्य जागोजागी कमी पडते आणि खालचा पांढरा-पिवळा रंग पट्ट्यांनी उघडा पडतो. पांढऱ्या वाणात जाण्यासारखा रंगच नसल्याने ही खूण दिसत नाही, आजारी कंद तसाच विकला जातो. वाणाचीच नक्षी असेल तर ती दांड्यावरच्या प्रत्येक फुलात जवळपास सारखी येते. विषाणूची नक्षी फुलागणिक बदलते. हौसेने ‘दुरंगी’ म्हणून घेतलेले कंद दरवर्षी लहान होत जातात. हॉलंडमध्ये 1630च्या दशकात ज्या रेघांच्या ट्यूलिपसाठी लोक वेडे झाले, ती रेघही माव्यानेच पसरवलेल्या विषाणूची होती. विषाणू निराळा, खोड तीच.

लागण झालेले झाड बरे होत नाही. ते काढताना हिसका देऊ नका, त्यावर बसलेले मावे उडतील. लिटरभर पाण्यात 5 मिली द्रवरूप साबण घालून पानांच्या खालच्या बाजूने फवारा, मग पिशवी चढवून झाड मुळासकट उपटा. ग्लॅडिओलसचे बारीक कंद मातीत राहिले तर तेच पुन्हा उगवून रोग देतात. माती मात्र फेकू नये. हा विषाणू मातीत किंवा वाळक्या पानांत टिकत नाही. तंबाखूवरचा मोझॅक टिकतो, त्याची भीती लोक याला लावतात. त्याऐवजी कुंडीच्या कडेचा केना उपटा. तणांत हा सुखाने राहतो. कात्री साबणाने धुऊन मिनिटभर ब्लीचच्या पाण्यात (एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी) बुडवावी, मग लगेच साध्या पाण्याने धुवावी, नाहीतर गंजते.

मोठ्या क्षेत्रावर जमिनीवर अंथरलेले चंदेरी आच्छादन उपयोगी पडते. त्यावरून परतणाऱ्या उजेडामुळे मावा उतरायला बिचकतो, पण झाडांनी जमीन झाकली की हा परिणाम संपतो. लिटरला 10 मिली फवारणीचे खनिज तेल विषाणूला सोंडेवर नीट चिकटू देत नाही. नव्या पानावर तेल नसते, म्हणून ते दर आठवड्याला मारावे लागते. हे तेल भर उन्हात मारले किंवा गंधकाच्या फवारणीला दोन-तीन आठवडे झाले नसतील तर पाने करपतात.

खरी गळती रोपवाटिकेत आहे. शेवंतीच्या एका आजारी मातृझाडाच्या चाळीस काश्या (लावणीसाठी काढलेले फुटवे) म्हणजे चाळीस आजारी रोपे, तिथे माव्याची गरजही नाही. ‘टिश्यू कल्चरचे आहे’ एवढ्यावर भागत नाही. शेंड्याचा अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून लहान तुकडा घेऊन वाढवलेले आणि नंतर तपासलेले रोप असेल, तरच त्याला निरोगी म्हणावे. मातृझाडे 40 मेशच्या (इंचाला 40 छिद्रांच्या) जाळीत ठेवली आहेत का, ती शेवटची कधी तपासली, हे दोन प्रश्न रोपे घेतानाच विचारावेत. आपल्या सदरातही औषधाच्या नावाआधी ते छापून यावेत, ही विनंती.

– वनस्पती रोगशास्त्राचे अभ्यासक, पुणे