डॉक्टर मॅडम, आईच्या गुडघ्यासाठी मनापासून आभार

नमस्कार मॅडम. नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही ते. फोंड्याहून आईला घेऊन आलेलो मी, तिचे दोन्ही गुडघे झिजलेत, आणि हातात एका खाजगी क्लिनिकचं गुळगुळीत ब्रोशर होतं. पोटातली चरबी काढायची, त्यातल्या स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी, वेगळ्या करायच्या आणि त्याच दिवशी गुडघ्यात इंजेक्शन, कूर्चा, म्हणजे सांध्यातली मऊ गादी, नव्याने वाढणार म्हणे. आकडा लाखांतला. आईने पाटल्या काढून ठेवल्या होत्या मोडायला. त्या क्लिनिकवाल्यांनी तिच्याकडे धड बघितलंसुद्धा नाही, सगळं बोलणं माझ्याशी आणि तेही ईएमआयचं! एक्सरे तर पाकिटातून बाहेरच काढला नाही.

तुमच्या सरकारी ओपीडीत बाहेर ही गर्दी, तरी तुम्ही खुर्चीवरून उठलात, स्टूल ओढून आईच्या समोर बसलात आणि कोंकणीत तिलाच विचारलंत, "मावशी, तुमकां परत कितें करपाक जाय?" म्हणजे तुम्हाला परत काय करता यायला हवंय? ती पहिल्यांदा गप्पच राहिली, कारण असं कोणी विचारलंच नव्हतं, मी पण नाही. मग म्हणाली, "म्हाका सकयल बसून जायो गुंथपाक जाय." म्हणजे मला खाली बसून जाईची फुलं गुंफायचीत. म्हार्दोळला म्हाळसा देवीच्या देवळात जाईच्या फुलांची पूजा असते, त्या जायांच्या पूजेसाठी ती दरवर्षी खाली बसून फुलं गुंफायची, ते बंद पडलं होतं. हे तिच्या मनाला एवढं लागलंय हे आम्हा घरच्यांनाही त्या दिवशीच कळलं.

आणि नंतर तुम्ही जे सांगितलंत ते लोकांनी वाचावं म्हणून इथे लिहितोय. चरबीत अशा पेशी असतात हे खोटं नाही, 2001 साली अमेरिकेत पॅट्रिशिया झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लायपोसक्शनमध्ये, म्हणजे चरबी शोषून काढायच्या ऑपरेशनमध्ये निघालेल्या, एरवी फेकून दिल्या जाणाऱ्या चरबीतून त्या वेगळ्या करून दाखवल्या, आणि लॅबमध्ये त्यांच्यापासून हाड, कूर्चा, स्नायूंसारख्या पेशी तयार होतात हेही दिसलं. पण काचेच्या बशीत जमलं म्हणजे सत्तरीच्या बाईच्या झिजलेल्या गुडघ्यात जमेल असं नाही. आपल्याकडे 2017 च्या आयसीएमआरच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, गाइडलाइन्सप्रमाणे रक्ताचे ठराविक आजार सोडले तर स्टेम सेल फक्त क्लिनिकल ट्रायलमध्येच, म्हणजे उपचार तपासून बघायच्या अभ्यासातच द्यायच्या, ट्रायलची नोंद असायला हवी आणि त्यासाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. फ्लोरिडात चरबीतल्याच पेशी डोळ्यांत टोचून तीन बायकांची नजर गेली, त्यांच्याकडूनही पैसे घेतले होते, हे ऐकून आईने माझा हात घट्ट धरला.

मॅडम, तुम्ही तिला घाबरवून सोडून दिलं नाहीत. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम स्वतः पाय उचलून दाखवलेत, वजन, काठी, आणि अगदीच नाही भागलं तर सांधा बदलायचं ऑपरेशन आहे हेही नीट सांगितलंत. दुखणं अजून आहे, खोटं कशाला बोलू. पण खाली नाही तरी बुटक्या पाटावर बसते आता, पाय लांब सोडून, आणि फुलांची परडी मांडीवर घेते.

आपल्या गोव्यात चांगले डॉक्टर पुष्कळ आहेत, बोर्ड लावत नाहीत म्हणून दिसत नाहीत एवढंच. पेशंटला "नको, हे करू नका" म्हणून सांगण्यात कोणाला एक पैसा मिळत नाही, तरी तुम्ही रांग थांबवून ते सांगितलंत. पाटल्या परत आईच्या हातात आहेत. ज्यांच्या घरी आत्ता असलं ब्रोशर टेबलावर पडलंय त्यांनी प्लीज आधी ट्रायलचा नोंदणी नंबर मागा, आणि तो नाही मिळाला तर उठून या.

पुढच्या तपासणीला आईला घेऊन येतोच आहे. तिथे तोंडावर एवढं बोलायला मला जमणार नाही, म्हणून इथे लिहिलं.