पाणी दोन दिवस तुंबलं तरच नुकसान?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नालेसफाईच्या टक्केवारीच्या बातम्या यायला लागल्या की पावसाळा जवळ आला हे मुंबईकराला कळतं. त्या बातम्या हव्यातच. पण सफाई होऊनही पाणी घरात शिरलं तर रहिवाशाला कायद्याने काय मिळतं आणि ते कुणाकडे मागायचं, याची चर्चा मात्र होत नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच वर्षी डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. निवारा केंद्रातली जागा, अन्न, पिण्याचं पाणी, औषधोपचार, स्वच्छता यांचे किमान निकष त्याच्या कलम १२ नुसार ठरवावे लागतात. जीवितहानी आणि घराच्या नुकसानीची सानुग्रह मदतही त्यातच येते. ही मदत सरकारच्या मर्जीवर नाही. ३० जून २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की रक्कम किती ते राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ठरवावं, पण मदतच न देणं चालणार नाही. कोविडने दगावलेल्यांच्या कुटुंबांना ५० हजार रुपये मिळाले ते त्यामुळेच.

आता मुंबईकडे या. २०२२ ते २०२६ साठीच्या आपत्तीतल्या मदतीच्या केंद्रीय निकषांत कपड्यांसाठी २,५०० आणि भांडीकुंडी, घरसामानासाठी २,५०० रुपये प्रति कुटुंब आहेत. अट अशी, की घर वाहून गेलेलं, पूर्ण पडलेलं किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्यात असलं पाहिजे. आमच्याकडे मिठी नदीचं पाणी भरतीला चढतं आणि ओहोटी लागली की काही तासांत उतरतं. तेवढ्यात गादी, धान्य, मुलांची दप्तरं सगळं जातं; पोटमाळ्यावर चढवलं तेवढंच वाचतं. पण निकषाच्या हिशेबात नुकसान शून्य! ज्याने हा निकष लिहिला त्याने नदीकाठचं गाव डोळ्यांसमोर ठेवलं असावं, चाळ नव्हे. राज्य सरकारने यापूर्वी ही अट शिथिल केली आहे, रक्कमही वाढवली आहे, पण त्या त्या पुरानंतर, त्या त्या शासन निर्णयाने.

त्यानंतर पंचनामा. पाणी ओसरलं की बाई पहिल्यांदा घर धुऊन काढते. नाही काढलं तर त्या गाळात पोरं झोपणार कुठे? रेशनकार्ड वर्तमानपत्राच्या घडीत सुकत असतं, भिजलेल्या गाद्या कचऱ्याच्या गाडीत गेलेल्या असतात. पंचनाम्याला माणूस येतो तोवर लादी चकचकीत, मग "नुकसान दिसत नाही" असा शेरा. एका शेजाऱ्यांच्या बाबतीत हेच झालं. भिंतीवरची पाण्याची रेघ त्यांनी दाखवली, ती कागदावर आलीच नाही. भाडेकरूंची आणखी पंचाईत: घर मालकाचं म्हणून त्यांचं नाव लागत नाही. भिजलेली भांडी काय मालकाची असतात?

शिवाय जायचं कुठे? नाला महापालिकेचा, पंचनामा महसूल खात्याचा. मुंबई उपनगर जिल्ह्यात कुर्ला, अंधेरी आणि बोरिवली असे तीन तालुके आहेत, त्यांना तहसीलदार आहेत, हे इथे जन्म काढलेल्या कितीतरी जणांना ठाऊक नसतं. महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर फोन लावून पाणी भरल्याची तक्रार करता येते, पण त्या तक्रारीने पंचनामा होत नाही.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. मदतीसाठी खोटा दावा केला तर याच कायद्याच्या कलम ५२ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद. नेमून दिलेलं काम अधिकाऱ्याने नाकारलं तर कलम ५६ नुसार एक वर्षापर्यंत, तेही सरकारने खटल्याला आधी मंजुरी दिली तर.

आमचं मागणं फार मोठं नाही. पंचनामा कोण करणार, त्याचं कार्यालय कुठे, हे प्रत्येक विभाग कार्यालयाबाहेर आणि निवारा केंद्रात मराठी आणि हिंदीत ठळक लावावं. तारीख-वेळ असलेले मोबाइलवरचे फोटो पुरावा म्हणून धरावेत. पंचनाम्याची प्रत त्याच वेळी कुटुंबाच्या हातात द्यावी. आणि मुंबईपुरती दोन दिवसांची अट काढणारा शासन निर्णय यंदा पाणी भरण्याआधी निघावा, गणपतीनंतर नको.

– एक रहिवासी, कुर्ला (पश्चिम)