काकांच्या एमआरआयबद्दल

प्रिय मित्रा,

काल फोनवर तुझा आवाज इतका कापत होता की मी सांगितलेलं तुझ्या डोक्यात राहिलं नसणार, म्हणून लिहितोय. पेसमेकर असला की एमआरआय करताच येत नाही, हे एके काळी खरं होतं. एमआरआय चालणारे पेसमेकर युरोपात २००८ पासून आले, अमेरिकेत २०११ पासून. २०१७ साली तर एमआरआयसाठी न बनवलेले जुने पेसमेकर नि तशी यंत्रं बसवलेल्यांच्या दीड हजार स्कॅनचा मोठा अभ्यास आला, सगळे दीड टेस्लाचे (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं माप) आणि छाती सोडून बाकी अंगाचे. नीट तपासून, सेटिंग बदलून केलेल्या स्कॅनमध्ये ना कुणी दगावलं, ना कुणाची पेसमेकरपासून हृदयात जाणारी तार निकामी झाली.

एमआरआयचं चुंबक पेसमेकर ओढून काढेल ही तुझी भीती मनातून काढ. मला काळजी असते तारेची. हृदयात रुतलेली ती तार अँटेनासारखी रेडिओलहरी पकडते आणि तापते टोकाशी, नेमकी जिथं ती स्नायूला टेकलेली असते तिथं. शिवाय स्कॅन चालू असताना तारेत विजेचे खोटे संकेत उमटतात. पेसमेकरला वाटतं, हृदय आपलं आपण चाललंय, आणि तो गप्प बसतो. ज्याचं हृदय सर्वस्वी त्याच्यावरच आहे, त्याला ही गप्प राहण्याची काही सेकंदंही जड जातात.

म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचार: पेसमेकर थांबला तर काकांचं हृदय स्वतःहून चालतं का? चालत नसेल, तर स्कॅनपुरतं त्याला काहीही न ऐकता ठरल्या वेगानं ठोके देत राहायला लावतात. चालत असेल, तर बहुधा ठोके देणं बंदच ठेवतात, कारण स्वतःच्या ठोक्यांत बाहेरचा ठोका भलत्या क्षणी पडला तर लय बिघडू शकते.

काका आत असतील तेव्हा मी काचेपलीकडून त्यांच्या बोटावरच्या क्लिपची लाट बघत बसेन. चुंबकात ईसीजी वेडावाकडा दिसतो, वाहत्या रक्तामुळेही त्यात विजेचे चढउतार मिसळतात. बोटातली नाडी मात्र खरं बोलते. ती थांबलीच तर काकांना आधी बाहेर काढायचं, शॉकचं मशीन त्या खोलीत न्यायचं नाही.

एक गोष्ट आजही मनाला टोचते. एका पेशंटचं स्कॅन छान झालं, सगळे खुशीत, आणि सेटिंग पूर्ववत करायचं राहून गेलं. दोन दिवसांनी छातीत धडधड होतेय म्हणून ते परत आले. तेव्हापासून पेसमेकर पुन्हा तपासल्याशिवाय मी कुणालाही खुर्चीवरून उठू देत नाही. तूही काकांना उठू देऊ नकोस.

पेसमेकरच्या कार्डाचा फोटो आजच पाठव, दोन्ही बाजूंचा. यंत्र आणि तार, दोन्हींचे मॉडेल नंबर मला हवेत. जुनी एखादी तार आत तशीच सोडलेली आहे का, तेही काकांना विचार.

तुझाच