तुमचे गुडघे, तिची बोटं

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुमच्या दोघांच्या सांधेदुखीचा विषय काढला की बाबा "बरं बरं" म्हणतात आणि आई मला माझ्याच तब्येतीचं विचारत बसते. म्हणून लिहितेय. बाबा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा. तिनं चष्मा शोधायला सुरुवात केली की पत्र राहून जाईल.

गेल्या वेळी निघताना मी आईचा हात हातात घेऊन जरासा दाबला. तिनं चटका बसावा तसा तो ओढून घेतला आणि लगेच हसली. "काही नाही गं, तुझ्या बाबांसारखंच. संधिवात. वय झालं आता." मी निघाले खरी, पण तो हात डोक्यातून जाईना. मग त्या दोन दिवसांत पाहिलेलं एकेक आठवायला लागलं. सकाळी आई कप कानाला धरून उचलतच नव्हती, दोन्ही तळव्यांत धरून पीत होती. ब्लाउजची हुकं लावायला तिला मी लागत होते. अंगठी बोटातून काढून डबीत ठेवलेली. आणि साडेदहा-अकरा वाजले की हीच बाई झपाझप कामाला लागायची. बाबांचं बरोबर उलटं. उठल्यावर दहा पावलं लंगडले की मोकळे, संध्याकाळी मात्र जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी.

माझ्या डॉक्टर मैत्रिणीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तू हात दाबलास ना, आम्हीही तेच करतो. बोटांच्या मुळाशी, मुठीच्या उंचवट्यांवर आडवा दाब दिला आणि माणूस कळवळला, तर आम्ही सावध होतो."

बाबा, "संधिवात म्हणजे संधिवात, त्यात काय वेगळं असतं" असं तुम्ही म्हणालात. तुम्हाला इतिहास आवडतो म्हणून सांगते, तुमची ही समजूत फार जुनी आहे. डॉक्टरसुद्धा कितीतरी काळ सगळी सांधेदुखी दोन-तीन नावांखाली ढकलत होते. १८५९ मध्ये आल्फ्रेड गॅरड या इंग्रज डॉक्टरनं आईला असावा असं वाटतंय त्या दुखण्याला 'ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस' हे वेगळं नाव दिलं. आपल्याकडे आमवात म्हणतात तो. आणि "माझ्याही बोटांना गाठी आहेतच की" म्हणून तुम्ही हात पुढे केलात ना, त्या गाठींना त्याच्याही आधीच्या विल्यम हेबर्डन या डॉक्टरचं नाव आहे. त्या नखाजवळच्या पेरावर येतात, हाडासारख्या टणक असतात. आईची सूज पाहा. ती बोटांच्या मुळाशी आणि मनगटावर आहे, दोन्ही हातांना सारखी, दाबली तर मऊ आणि हाताला कोमट लागते. नखाजवळची पेरं तिची साफ आहेत. आमवात त्या पेरांना सहसा हातच लावत नाही.

आता तुमच्या गुडघ्याचं. हाडांच्या टोकांवर कूर्चेची गुळगुळीत गादी असते, ती पातळ होते, खडबडीत होते, आजूबाजूचं हाड वाढून कडा निघतात. एक्स-रेमध्ये फट कमी दिसते ती त्यामुळे. याला आपण 'झीज' म्हणतो आणि मला वाटतं या शब्दानंच घोटाळा केलाय. झिजतंय म्हटलं की माणूस वापर कमी करतो, यंत्र जपावं तसा. पण कूर्चेला रक्तवाहिन्याच नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि तो द्रव आत-बाहेर खेळतो तो दाब पडला, सुटला, पडला, सुटला तर. स्पंज दाबून सोडावा तसा. तुम्ही गेलं वर्षभर खुर्चीत बसून गुडघा 'वाचवताय', त्यात मांडीचे स्नायू मात्र गेले. मांडी लुळी पडली की सगळा भार सांध्यावर. तेव्हा चालायचं, सपाट जागी, दुखलं तर थोडं कमी, पण रोज. आणि खुर्चीत बसल्या बसल्या पाय सरळ करून दहा अंक मोजेपर्यंत धरायचा, मग सोडायचा. वजनाचंही बोलतेच: १ किलो उतरलं तर चालताना पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोंनी कमी होतो. हा हिशोब मला तरी फायद्याचा वाटतो.

आईच्या सांध्यात गोष्ट वेगळीच चाललेली असते. सांध्याला आतून एक पातळ अस्तर असतं. शरीराची रोगप्रतिकारशक्ती त्यालाच शत्रू समजून बसते. अस्तर सुजतं, जाड होतं, आणि मग कूर्चा आणि हाड कडेनं कुरतडायला लागतं. याला दाह म्हणतात. हा दाह रात्रभर हात स्वस्थ असताना साचतो, म्हणून सकाळी बोटं आखडलेली असतात, तास-तास मूठ वळत नाही, आणि हालचालीनं मोकळी होतात. तुमच्यासारख्या गुडघ्याचा आखडलेपणा सहसा अर्ध्या तासाच्या आत जातो. शिवाय हे दुखणं सांध्यापुरतं राहत नाही. आईला आलेला थकवा, उगाच उतरलेलं वजन, संध्याकाळची कणकण, हे सगळं त्यातलंच असू शकतं. पुढे फुप्फुस, डोळे, हृदय यांनाही झळ लागू शकते. आणि वयाचं म्हणाल तर हा रोग तिशी-चाळिशीतल्या बायकांनाही होतो. म्हणून "वय झालं" हे उत्तर मला मान्यच नाही.

गंमत अशी, की गंमत कसली म्हणा, तुम्ही दोघं एकमेकांचं औषधपाणी करताय. बाबांच्या दुखीच्या गोळ्या आई घेते, त्यानं ठणका दबतो आणि आतली कुरतड चालूच राहते. बाबा, तुम्हाला बीपी आहे, या गोळ्या रोज घेतल्या तर पोट, किडनी आणि बीपी तिन्हींवर ताण येतो, तेही डॉक्टरांना विचारायचं आहेच. मलमाची एक नळी दोघांत. गुडघ्याला ते बरं, पण आईचं त्यावर भागणार नाही. तिच्या रोगाला आवर घालणारी औषधं वेगळी असतात आणि ती लवकर सुरू झाली, पहिल्या तीन ते सहा महिन्यांत, तर सांधे वाकडे होण्याआधी वाचवता येतात. आईला हा त्रास सुरू होऊन अडीच महिने झाले. मी मोजलेत.

मी डॉक्टर नाही, नाव त्यांनीच ठेवायचं. ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी अशा रक्ताच्या तपासण्या सांगतील. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला की घरी परतायचं नाही, आमवात असलेल्या पाचातल्या एकाचा तो निगेटिव्हच येतो. उलट धडधाकट म्हाताऱ्या माणसांतही तो कधीकधी पॉझिटिव्ह निघतो. म्हणून हात पाहणारा माणूस हवा, नुसता कागद पाहणारा नको.

रोगाला आवर घालणाऱ्या त्या औषधांपैकी मेथोट्रेक्सेट लिहून दिलं तर आई कुठेतरी ते कॅन्सरचं औषध असल्याचं ऐकेल आणि घाबरेल. आधीच सांगून ठेवते: कॅन्सरला देतात त्यापेक्षा हा डोस कितीतरी कमी असतो. पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोजचं समजून घेतलं तर जिवावर बेतू शकतं. वार ठरवायचा आणि डबीवर मोठ्या अक्षरात लिहायचा. अधूनमधून रक्त आणि लिव्हर तपासत राहावं लागतं. आणि कुणी ओळखीचं माणूस बिननावाच्या गोळ्या देऊन "दोन दिवसांत पळायला लागाल" म्हणालं, तर हात जोडा. दोन दिवसांत पळवणारं बहुधा स्टिरॉइड असतं. १९४८ मध्ये कॉर्टिसोन हे स्टिरॉइड पहिल्यांदा आमवाताच्या रोग्यांना दिलं तेव्हा खिळून पडलेली माणसं काही दिवसांत चालायला लागली, १९५० मध्ये त्या कामाला नोबेलही मिळालं, आणि पाठोपाठ दुष्परिणामही कळले. डॉक्टरांच्या हातात ते औषध आहे, पुडीत नाही.

ऱ्हुमॅटॉलॉजिस्टची, म्हणजे सांध्यांच्या अशा दुखण्यांच्या खास डॉक्टरांची, पुढच्या गुरुवारची वेळ घेतली आहे, आईचं नाव आधी, मग बाबांचं. मी बुधवारी रात्री येते. तोवर आई, रोज उठल्यावर घड्याळ बघ आणि मूठ पूर्ण वळेपर्यंत किती मिनिटं गेली ते वहीत लिही. सकाळी सकाळी हाताचा फोटोही काढून ठेवा, अकरानंतर गेलो तर डॉक्टरांना सूज तेवढी दिसायची नाही आणि तू म्हणशील, बघ, काहीच नव्हतं.

तुमची लेक

ता. क. बाबा, ही ओळ मोठ्यानं वाचू नका. रात्री झोपण्यापूर्वी पाण्याच्या बाटलीचं आणि टूथपेस्टचं झाकण सैल करून ठेवत जा.