खिडकीपलीकडच्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही, हे ठाऊक आहे. इंग्रजीतलं पत्र फिलिपिन्सच्या वकिलातीच्या पत्त्यावर पाठवलं आहे, तुमच्या वरिष्ठांनाही वेगळं लिहिलं आहे. पण तेवढ्याने माझं मन भरेना. तुम्ही माझ्या घरासाठी काय केलंत हे माझ्या माणसांना माझ्या भाषेत सांगायचं आहे, म्हणून हे पत्र.

माझी बायको फिलिपिन्सची, इलोइलोची. ती नर्स म्हणून अमेरिकेत आली, मी साताऱ्याहून आलो, आणि जर्सी सिटीत आमचा संसार उभा राहिला. २००१ मध्ये ती अमेरिकेची नागरिक झाली. हौस नव्हती. आईला इकडे आणायचं होतं, आणि ग्रीन कार्डावर आईसाठी अर्ज करता येत नाही. फिलिपिन्सचा १९३६ चा कायदा असा की दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की आपलं गेलं. त्यात अमेरिकेच्या शपथेत आधीच्या देशावरची सगळी निष्ठा सोडली, असं स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागतं. ती ते म्हणाली, आणि त्या दिवशी घरी येऊन जेवली नाही.

आई आल्या, इथल्या थंडीत त्यांचा जीव रमला नाही, परत गेल्या. नागरिकत्व मात्र गेलं ते गेलं. माहेरी जाताना तिच्या अमेरिकन पासपोर्टवर एक वर्षाच्या मुक्कामाचा शिक्का बसायचा. स्वतःच्या जन्मगावी पाहुणी! २००३ मध्ये ९२२५ क्रमांकाचा कायदा आला. जन्माने फिलिपिनो असलेल्या माणसाने शपथ घेतली की गेलेलं नागरिकत्व परत, आणि अमेरिकेचंही सोडायला नको. मी कितीदा तिला म्हटलं, चल, करून टाकू. तिचं उत्तर एकच, "मीच सोडून आले, आता कुठल्या तोंडाने मागू?"

शेवटी ती तयार झाली, तर आम्ही एका एजंटाच्या हाती लागलो. त्याने पैसे आधी घेतले. तिच्या जन्मदाखल्यात आईच्या माहेरच्या आडनावात एक अक्षर चुकलेलं होतं, तेवढ्यावरून "फिलिपिन्समध्ये कोर्टात जावं लागेल" असं सांगून फाईल दाबून ठेवली. अशी लेखनातली चूक कोर्टाशिवाय दुरुस्त करता येते, तसा कायदाच तिथे २००१ पासून आहे. त्याला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. दुसऱ्या एका कचेरीतल्या बाईंनी तर फोनवर सरळ विचारलं, "अमेरिकन पासपोर्ट आहे ना, मग हे कशाला हवंय?" बायको पुढे काही बोललीच नाही, तिने फोन ठेवून दिला. तो प्रश्न आठवला की आजही माझ्या कपाळाची शीर उठते.

तुमच्यापर्यंत पोचलो तेव्हा आम्ही दोघंही मनाने खचलेले होतो. तुम्ही कागद चाळलेत आणि पहिलं बोट ठेवलंत ते आमच्या लेकीच्या जन्मतारखेवर. आईबरोबर मुलांनाही नागरिकत्व मिळतं, पण अठराच्या आतल्या, लग्न न झालेल्या मुलांनाच, हे आम्हाला कोणीही सांगितलं नव्हतं. लेकीला अठरा पूर्ण व्हायला फार थोडा अवधी उरला होता. तुम्ही म्हणालात, "हिचं नाव आजच अर्जात घाला." कागदपत्रांचं पुढचं सगळं लिहीत नाही. तुम्ही ते मार्गी लावलंत.

पण मला लिहायचं आहे ते शपथेच्या दिवसाबद्दल.

हात वर करून ती वाचायला लागली. संविधानाचं रक्षण करीन, कायदे पाळीन, इथपर्यंत नीट गेली. फिलिपिन्सवर खरी निष्ठा ठेवीन, हे शब्द आले आणि तिचा आवाजच बंद झाला. मला माहीत होतं तिला काय आठवतंय ते. मागे माणसं खोळंबली होती. कोणीतरी घसा खाकरला. तेव्हा तुम्ही खिडकीमागून उठून बाहेर आलात, तिच्याशेजारी उभ्या राहिलात, आणि स्वतःचा उजवा हात वर केलात. "पहिल्यापासून म्हणू या, मीही म्हणते," असं म्हणालात, तेही तिच्या इलोइलोच्या बोलीत. अन् सगळी शपथ तिच्याबरोबर म्हटलीत, अगदी सावकाश, तिच्या श्वासाच्या चालीने. तुम्ही जन्माने फिलिपिनो, तुमचं नागरिकत्व कधी गेलेलंच नाही. तुम्हाला त्या शपथेची काही गरज नव्हती. पण तुम्ही हात वर केलात, आणि इतकी वर्षं जिला मागायची लाज वाटत होती ती एकटी मागणारी राहिली नाही.

हे तुमच्या नोकरीत कुठे लिहिलेलं नसणार. तलाठ्यापासून विमानतळापर्यंत मी जन्मभर खिडक्यांसमोर उभा राहिलो आहे. पलीकडचा माणूस मान वर करून बघतो की नाही, एवढ्यावर इकडच्याचा अख्खा दिवस ठरतो, कधी कधी आयुष्यही. मान वर करायला कुठला जीआर लागत नाही, साहेबाची सही लागत नाही. तरी किती थोडी माणसं ते करतात! जी करतात त्यांच्या जिवावर जग चाललंय, असं मी मनापासून मानतो.

माझं म्हणाल तर, आपल्या देशात दुहेरी नागरिकत्वाची सोयच नाही. मी अमेरिकन झालो आणि माझा भारतीय पासपोर्ट जमा झाला. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर मी साताऱ्यात हवं तितकं राहू शकतो, पण मत देऊ शकत नाही, शेतजमीन विकत घेऊ शकत नाही. त्यामुळे त्या दिवशी तिच्या हाती काय परत आलं, ते त्या खोलीत माझ्याइतकं क्वचितच कोणाला कळलं असेल. मला तिचा हेवा वाटला नाही. खूप आनंद झाला.

मे २०२५ मध्ये फिलिपिन्सच्या सिनेटच्या बारा जागांसाठी मतदान झालं, आणि परदेशातल्या फिलिपिनोंना पहिल्यांदाच इंटरनेटवरून मत देता आलं. आमच्या स्वयंपाकघरात बसून आई आणि लेक, दोघींनी मत दिलं. कोणाला दिलं ते मला दोघींनीही सांगितलेलं नाही. त्यावरून दोघींचं अर्धा तास भांडणही झालं.

ताई, एकदा घरी जेवायला या. बायको ला पाझ बाचोय, म्हणजे इलोइलोचं नूडल्सचं सूप, करील, मी पुरणपोळी करीन.

तुमचा ऋणी,
तुमच्या इलोइलोच्या लेकीचा नवरा