चि. मृण्मयीस, डुंडीगलला, हवाई दलाच्या अकादमीत

चि. मृण्मयीस, अनेक आशीर्वाद.

तुझी गाडी सुटल्यापासून आई एक शब्द बोलली नाही. घरी आल्या आल्या तुझी चादर भिजत घातली. आत्याचा फोन मीच घेतला. पोचल्याचा तुझा मेसेज आजीला वाचून दाखवला. तिने पुन्हा वाचायला लावला.

परवा जेवताना मी परुळकरांचं काढलं आणि "बाबा, आत्तापासून?" म्हणून तू ताटावरून उठलीस. पुन्हा तो विषय नको असं ठरवलं होतं, पण डोक्यातून जात नाही.

दिलीप परुळकर सुखोई-७ घेऊन बाँबफेकीला जायचे. १० डिसेंबर १९७१ ला विमान पडलं, पॅराशूटने उतरले आणि पकडले गेले. रावळपिंडीच्या कॅम्पात आपले बारा वैमानिक होते. १३ ऑगस्ट १९७२ ला, मध्यरात्र उलटल्यावर, वादळात, ते, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी कोठडीच्या भिंतीला भगदाड पाडून निसटले. बसने पेशावर, पुढे लंडी कोतल. अफगाण सरहद्द हाकेच्या अंतरावर आली होती गं! तिथे त्यांनी लंडी खानाची वाट विचारली. ते स्टेशन इंग्रजांनी १९३२ मध्येच बंद केलेलं. संशय आला, सापडले. परुळकरांनी तिथल्या अधिकाऱ्याला फोन करायला लावला तो उस्मान हमीद यांना. ते पाकिस्तानी हवाई दलाचेच, आधी कॅम्पावर असलेले. त्यांनी ओळख दिली. १ डिसेंबर १९७२ ला सगळे वाघ्यावरून घरी आले.

तुला यातलं भगदाड आवडतं. मला ती ओळख महत्त्वाची वाटते.

कारण विजय तांबेही सुखोई-७ वरच होते, त्याच डिसेंबरात. ते जिवंत पकडले गेल्याची बातमी तिकडच्या वर्तमानपत्रात आली, पण कैद्यांच्या यादीत नाव कधी आलंच नाही. त्यांच्या पत्नी दमयंतीताई बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. २००७ मध्ये बाकीच्या घरच्यांबरोबर त्या पाकिस्तानातले तुरुंग पाहून आल्या, तरी काही कळलं नाही. सरकारी यादीत असे बेपत्ता चोपन्न जण आहेत.

माझी सगळी नोकरी टपालात गेली. जिनिव्हा करारात लिहिलंय, पकडल्यावर लगेच, नाहीतर कॅम्पात पोचल्यापासून आठवड्याच्या आत कैद्याला घरी कार्ड लिहू द्यायचं. महिन्याला निदान दोन पत्रं आणि चार कार्डं. वाचलं तेव्हा बरं वाटलं. पण कार्ड निघायला आधी कैदी आहे हे कबूल तर करायला हवं! म्हणून सांगतो, वेळ आलीच तर नाव, हुद्दा, नंबर, जन्मतारीख स्पष्ट सांग, तिथल्या सोबत्यांना सांग, रेडक्रॉसचं माणूस दिसलं तर त्याला सांग. त्यापुढे एक अक्षर नाही. गळ्यातला बिल्ला अंघोळीलाही काढू नकोस. आणि…

राहू दे. शिकवायला लागलो. तिथे शिकवणारे आहेत, आणि तू अजून विमानाला हातही लावलेला नाहीस. रागावू नकोस.

लहानपणी शाळा सुटली की तू ऑफिसात यायचीस. स्टुलावर चढून तारखेचा शिक्का मारायचीस, दोन्ही हातांनी, जीव खाऊन. शाई फ्रॉकला लागायची आणि आई मला बोलायची. पावसात भिजून पत्ता पुसलेलं एखादं आंतरदेशीय आलं की तू ते खिडकीच्या उजेडात धरून अक्षरं लावायचीस. कदमांच्या मुलाचं पत्र तूच लावलंस, आठवतं? त्यांची आई घरी पेढे घेऊन आली होती. दादाने कितीही चिडवलं तरी तुझी नजर तेव्हापासून तशीच आहे, आणि मेडिकलमध्ये डोळे पास झाले तेव्हा मी अख्ख्या आळीला सांगितलं. पवारमास्तर तर म्हणाले, "पोरीने नाव काढलं." ते नाव कुठल्या यादीतून सुटू नये, एवढंच माझं म्हणणं. पुन्हा तेच आलं बघ.

आजीचा गुडघा बरा आहे. दादाचं त्या प्रकरणात अजून काही ठरलेलं नाही, तू त्याला विचारू नकोस.

नातेवाइकांचा फॉर्म भरशील तेव्हा वाड्याचा पत्ता देऊ नकोस, तिथे आता कोणी टपाल घेत नाही. फ्लॅटचा दे, पिनकोडसकट, आणि आत्याचा नंबरही खाली लिही.

तुझा,
बाबा