साडेआठ कुणाचे?

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या ऑनलाइन गप्पांना तिसरा गडी न्यूयॉर्कहून साडेआठच्या ठोक्याला हजर झाला, पाऊण तास रिकाम्या पडद्याकडे पाहत बसला आणि निघून गेला. त्यानंतर आपण दोघे आलो आणि त्याची वाट पाहत बसलो. तू त्याच्यावर चिडलास, पण चूक त्याची नव्हती. अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात, तुझ्याकडे फ्रान्समध्ये शेवटच्या रविवारी, आणि माझ्याकडे भारतात ती वर्षभर जागची हलत नाहीत. हिवाळ्यात त्याचे सकाळचे साडेआठ, तुझे दुपारचे अडीच आणि माझे संध्याकाळचे सात एकाच क्षणी वाजत. या दोन-तीन आठवड्यांत मात्र त्याचे साडेआठ तुझ्या दीडलाच वाजतात. महिनाअखेरीस तुमचे दोघांचे गणित आपोआप जुळेल, पण मला तेव्हाही सातऐवजी सहालाच यावे लागेल, हे मी सांगितल्याशिवाय तुमच्या ध्यानात यायचे नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस हाच घोळ पुन्हा होतो, तेव्हा आठवडाभरच.

म्हणून सुचवतो, की त्याची सकाळ सर्वांत अडचणीची असल्याने त्याचेच घड्याळ प्रमाण मानावे आणि निरोपात नुसते ‘सातला’ न लिहिता तारखेसह यूटीसी, म्हणजे जगभर एकच असणारी प्रमाण वेळ लिहावी: हिवाळ्यात १३:३०, उन्हाळ्यात १२:३०. (यूटीसी ही अक्षरे ना इंग्रजी क्रमाची, ना फ्रेंच; दोन्ही भाषकांचे भांडण मिटवायला काढलेली ती तडजोड आहे.)

आता तुझी दुसरी तक्रार, की मी फ्रेंच शब्दांवरची चिन्हे गाळतो. मान्य आहे, ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक जपणाऱ्याने अशी हयगय करू नये. विंडोजवर ऑल्ट दाबून धरून ०२३३ हे आकडे पाठ करण्यापेक्षा मी आता यूएस-इंटरनॅशनल कळफलक घेतला आहे: आधी एकेरी अवतरणाची कळ दाबायची, तेव्हा पडद्यावर काहीच उमटत नाही, मग इंग्रजी ई (e) दाबताच तिरक्या रेघेसकट अक्षर (é) येते. नुसते अवतरणचिन्ह हवे असले, की पाठोपाठ स्पेस दाबावी लागते आणि ती मी हटकून विसरतो.

एक गंमत मात्र तुला ठाऊक नसेल. तू पाठवलेल्या यादीत ‘कॅफे’ (café) हा शब्द मला डोळ्यांनी दिसत होता, तरी शोधल्यावर सापडेना. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात सगळ्या लिप्यांची अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, ते रेघवाले ई दोन प्रकारे लिहिता येते: एक सबंध अक्षर म्हणून, किंवा साधे ई आणि त्यावर सुटी रेघ म्हणून. दिसायला जुळी भावंडे, पण ज्या प्रोग्रॅममध्ये दोहोंना एक मानण्याची सोय नाही, त्याच्या लेखी ती परकी. आपल्या ‘पुढाऱ्या’तल्या ऱचेही तसेच आहे, तो सबंधही असतो, आणि र खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊनही होतो.

तेव्हा यादी एकदा सबंध अक्षरांत करून पुन्हा पाठव. येत्या रविवारी १२:३० यूटीसी, म्हणजे तुझे दीड, माझे सहा.

तुझा स्नेही